मूकपटांच्या काळातला असा कोण कॉमेडियन होता जो ॲनिमेशनपण स्वतःच करायचा?

चार्ली बाउअर्स. चॅप्लिन, कीटनच्या काळातलाच अमेरिकन, पण आज नाव कोणाला माहिती नाही. आधी 'मट अँड जेफ' कार्टून्स करायचा, मग १९२६ पासून स्वतःच हिरो बनून छोट्या कॉमेड्या काढायला लागला आणि त्यात मधेच स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत एकेक फोटो काढून केलेलं ॲनिमेशन, घुसवायचा. 'एग्ड ऑन' बघाच, न फुटणारी अंडी बनवायचं मशीन काढतो आणि बॉनेटखाली ठेवलेल्या अंड्यांतून चक्क इवल्याशा फोर्ड गाड्या बाहेर येतात, वर त्या कोंबडीच्या पिल्लांसारख्या मोठ्या गाडीखाली शिरतात, तेही एकेका फ्रेमसाठी हाताने हलवून, कॉम्प्युटर कुठला तेव्हा! १९४६ ला गेला. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये रिळं सापडली, पण त्यांच्यावर नाव 'ब्रिकोलो', त्यामुळे हा नक्की कोण हेच आधी शोधावं लागलं.