डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या स्त्रीचा गुरुत्वमध्य संशोधनासाठी कोणत्या पद्धतीने काढावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चालणाऱ्या स्त्रियांचा गुरुत्वमध्य (शरीराचे सगळे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू) मोजायचा आहे, हाताशी एक फोर्स प्लेट (पायाने जमिनीवर पडणारे बल मोजणारी पाटी) आणि दोन कॅमेरे आहेत, तर सर्वांत अचूक पद्धत कोणती? मी चालण्याच्या विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि हा प्रश्न आमच्याकडेही वारंवार येतो. प्रत्येक पद्धत शरीराविषयी काहीतरी गृहीत धरून चालते. ते गृहीतक आपल्या प्रबंधातील स्त्रियांना लागू पडते का, हे आधी पाहावे आणि मगच अचूकतेकडे वळावे. शिवाय एका पद्धतीचे उत्तर दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीने पडताळल्याशिवाय ते प्रबंधात घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात फळीपासून करावी. इटलीच्या बोरेल्ली यांनी सतराव्या शतकात माणसाला फळीवर निजवून ती फळी धारदार टेकूवर तोलली आणि गुरुत्वमध्य कटिभागात असल्याचे दाखवले. त्यांचा ग्रंथ १६८० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापला गेला. आज आपण फळीचे एक टोक टेकूवर आणि दुसरे वजनकाट्यावर ठेवतो. व्यक्तीने टाचा टेकूच्या बरोबर वर ठेवून उताणे निजायचे. रिकाम्या फळीचे वाचन व्यक्तीसह आलेल्या वाचनातून वजा करायचे, त्याला टेकू व काटा यांमधील अंतराने गुणायचे आणि व्यक्तीच्या वजनाने भागायचे; आलेले उत्तर म्हणजे टाचेपासून गुरुत्वमध्याचे अंतर. उदाहरणार्थ, अंतर २ मीटर, वजन ६० किलो, रिकाम्या फळीचे वाचन ८ किलो आणि व्यक्तीसह ३५.६ किलो असेल, तर उत्तर ०.९२ मीटर येते. व्यक्तीची उंची १.६५ मीटर असेल, तर हे प्रमाण ५५.८ टक्के होते. गुरुत्वमध्य सामान्यतः उंचीच्या ५५ ते ५७ टक्क्यांवर, स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा किंचित खाली असतो, त्यामुळे हे उत्तर विश्वासार्ह वाटते.

या मांडणीत काट्याची १०० ग्रॅमची चूक उत्तरात केवळ ३ मिलिमीटरच्या आसपास दिसते, म्हणजे साधा डिजिटल काटाही पुरतो. खरी चूक काट्यात नव्हे, मांडणीत होते. माझ्या पहिल्या प्रकल्पात रिकाम्या फळीचे वाचन आम्ही गादीशिवाय घेतले आणि नंतर व्यक्तीला निजवताना दीड किलोची पातळ गादी अंथरली. गादीचा निम्मा भार काट्यावर आला आणि प्रत्येक व्यक्तीचा गुरुत्वमध्य सुमारे अडीच सेंटीमीटर वर सरकला. सगळ्यांची उत्तरे सारखीच सरकल्यामुळे आकडे आपसांत जुळत राहिले आणि चूक तीन आठवडे लक्षात आली नाही. त्यानंतर मी दर सत्राच्या आरंभी फळीवर ज्ञात वजन ज्ञात जागी ठेवून पडताळणी करते. श्वासही निःश्वासाच्या शेवटी क्षणभर रोखून वाचन घ्यावे.

मात्र ही पद्धत निजलेल्या, स्थिर शरीराची आहे. आपल्याला चालणारे शरीर हवे असल्याने खंड-पद्धतीशिवाय गत्यंतर नाही: शरीराचे डोके, धड, दंड, प्रबाहू, हात, मांडी, पोटरी, पाऊल असे खंड पाडायचे, प्रत्येकाचे वस्तुमान व मध्य कोष्टकातून घ्यायचे, सांध्यांची स्थाने कॅमेऱ्यांतून घ्यायची आणि सर्वांची भारित सरासरी काढायची. येथे कोष्टकाचा उगम पाहणे अत्यावश्यक आहे. जर्मनीत ब्राऊन आणि फिशर यांनी १८८९ मध्ये गोठवलेल्या मृतदेहांवर मोजमापे प्रसिद्ध केली. पाठ्यपुस्तकांत आजही सर्वाधिक दिसणारे डेम्पस्टर यांचे १९५५ चे कोष्टक अमेरिकी हवाई दलासाठी तयार झाले आणि ते आठ मृतदेहांवर, तेही वयस्क पुरुषांच्या, आधारलेले आहे. सोव्हिएत संशोधक झात्सिओर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा किरणांनी जिवंत तरुणांची मोजमापे घेतली, ज्यांत १०० पुरुष आणि १५ स्त्रिया होत्या. डी लेव्हा यांनी १९९६ मध्ये ती सांध्यांच्या मध्यबिंदूंशी जुळवून मांडली. डेम्पस्टर यांच्या कोष्टकात एक मांडी शरीराच्या १० टक्के आहे, तर डी लेव्हा यांच्या स्त्रियांच्या कोष्टकात ती १४.८ टक्क्यांच्या जवळ जाते. हा सगळा फरक शरीरांचा नाही. मांडी कोठे संपते आणि धड कोठे सुरू होते, याची सीमारेषाच दोघांनी वेगळी आखली आहे. म्हणून दोन कोष्टकांतील आकडे एकत्र करू नयेत. आपल्यासाठी मी डी लेव्हा यांचे स्त्रियांचे कोष्टक घेईन, परंतु ते महाराष्ट्रातील कष्टकरी, मध्यमवयीन स्त्रीच्या शरीरावर बेतलेले नाही हे प्रबंधात स्पष्ट लिहीन, आणि प्रत्येक सहभागी स्त्रीचे फळीवरील उत्तर त्याच निजलेल्या स्थितीतील खंड-पद्धतीच्या उत्तराशी ताडून पाहीन.

फोर्स प्लेटविषयी एक सावधगिरी सांगते, कारण परीक्षक येथेच अडवतात. प्लेट जे दाखवते ते दाबकेंद्र, म्हणजे पायाखालचा सगळा दाब जेथे एकवटतो तो बिंदू असतो, गुरुत्वमध्याचे जमिनीवरील प्रतिबिंब नव्हे. स्थिर उभ्या माणसातही दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या पुढे-मागे अधिक झपाट्याने हलत त्याला आवरत असते. प्लेटवरील बलातून वजन वजा करून, वस्तुमानाने भागून दोनदा संकलन (इंटिग्रेशन) केल्यास गुरुत्वमध्याची हालचाल मिळते, पण चूक काळाच्या वर्गाने वाढते: ६०० न्यूटन वजनात १ न्यूटनची चूक २ सेकंदांत ३ सेंटीमीटर आणि ५ सेकंदांत २० सेंटीमीटर होते. उडीसाठी ही पद्धत उत्तम आहे. चालताना मात्र ती एका पावलापुरतीच वापरावी, आणि दोन्ही पाय टेकलेले असताना एक पाय प्लेटबाहेर पडत असेल, तर तिच्यावर विसंबू नये. माकडहाडाजवळ एकच मार्कर (कॅमेऱ्याला दिसणारी खूण) लावून त्यालाच गुरुत्वमध्य मानण्याचा सोपा मार्ग आपल्या विषयात पूर्णपणे निरुपयोगी आहे.

याचे कारण हंडाच आहे. स्त्रीचे वजन ५० किलो, उंची १.५२ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.८४ मीटरवर धरू. चुंबळीवरील भरलेल्या १५ किलोच्या हंड्याचा मध्य जमिनीपासून १.७० मीटरवर असेल, तर एकत्रित गुरुत्वमध्य १.०४ मीटरच्या जवळ, म्हणजे २० सेंटीमीटर वर, बेंबीच्याही बराच वर जातो. माकडहाडाजवळच्या मार्करला याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे हंडा हा आणखी एक खंड मानून त्याला स्वतःचे किमान तीन मार्कर लावा. हंडा धरायला उचललेला हातही मोजणीत आलाच पाहिजे: खांद्यापासून बोटांपर्यंतचा एक हात शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के असतो आणि तो खाली लोंबतो की वर धरलेला असतो, यावर काही सेंटीमीटरचा फरक पडतो. हंडा अर्धवट भरू नका, कारण आत पाणी हिंदकळले की त्याचा मध्य मार्करांसोबत राहत नाही. काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा, आणि प्रत्येक फेरीनंतर त्याचे पुन्हा वजन करा. चुंबळीचे वजन नगण्य असले तरी तिची जाडी उंचीत धरा. आणि सहभागी स्त्री रोज जी चुंबळ वापरते तीच तिला आणायला सांगा; प्रयोगशाळेतल्या नव्या चुंबळीवर तिची मान वेगळी राहते आणि चालही बदलते.