आयातीपुढचे वजा चिन्ह

प्रश्न : स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी, म्हणजे ठरावीक काळात देशात तयार झालेल्या वस्तू व सेवांचे एकूण मूल्य) सूत्रात निर्यात मिळवतात आणि आयात वजा करतात. म्हणजे आयात वाढली की देशाचे उत्पादन तेवढ्याने घटते, असे समजायचे का?

उत्तर : नाही. हा गैरसमज सूत्राच्या मांडणीतूनच निर्माण होतो, त्यामुळे तो होणाऱ्याला दोष देता येत नाही. खर्चाच्या बाजूने मोजणी करताना कुटुंबांचा उपभोग, गुंतवणूक आणि सरकारचा खर्च यांची बेरीज होते; पण विकत घेतलेल्या वस्तूच्या किमतीत परदेशी मालाचा वाटा किती, हे प्रत्येक खरेदीच्या वेळी वेगळे काढणे शक्य नसते. म्हणून आधी सगळाच खर्च धरायचा आणि परदेशात तयार झालेला भाग शेवटी एकरकमी वगळायचा, अशी ही रीत आहे.

समजा, एका कारखान्याने 100 एकके किमतीचे यंत्र परदेशातून आणले. गुंतवणूक 100 ने वाढते, आयातही 100 ने वाढते आणि निव्वळ परिणाम शून्य होतो. आणलेला माल न विकता गोदामात पडून राहिला, तरी तो साठ्यातील वाढ म्हणून गुंतवणुकीतच धरला जातो, त्यामुळे उत्तर बदलत नाही. मात्र 40 एककांचे सुटे भाग आयात करून तयार केलेली वस्तू 100 एककांना निर्यात झाली, तर उत्पादनात 60 एककांचीच भर पडते. निर्यातीचा मोठा आकडा पाहून हुरळून जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ग्राहक देशी माल सोडून परदेशी मालाकडे वळले तर उत्पादन घटू शकते, हे खरे; परंतु तिथे कारण देशी मालाची मागणी कमी होणे हे असते, सूत्रातले वजा चिन्ह नव्हे.

निर्यात म्हणजे केवळ जहाजावर चढलेला माल, असेही नाही. परदेशी पर्यटकाने आपल्या देशात केलेला खर्च हीसुद्धा निर्यातच आहे. उलट, परदेशात स्थायिक झालेल्या नातेवाइकाने घरी पाठवलेले पैसे निर्यातीत येत नाहीत, कारण त्यांच्या मोबदल्यात देशातून काहीही विकले गेलेले नसते. संयुक्त राष्ट्रांच्या 2008 च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत (देशाच्या अर्थव्यवस्थेचा हिशेब मांडण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत) तर सीमा ओलांडण्यापेक्षा मालकी बदलण्याला महत्त्व दिलेले आहे. त्यामुळे केवळ प्रक्रियेसाठी बाहेर पाठवलेला आणि मालकी न बदललेला माल सीमाशुल्काच्या नोंदीत दिसला, तरी राष्ट्रीय लेख्यांत तो निर्यात ठरत नाही, आणि प्रक्रियेसाठी दिलेले शुल्क तेवढे सेवांच्या आयातीत नोंदले जाते.