जुन्या घरात एकट्या राहणाऱ्या आईसाठी सर्वांत आधी कोणता बदल करावा?

कोल्हापुरातील पेठेतल्या जुन्या घरात राहणाऱ्या आपल्या आईंसाठी खर्च एकाच ठिकाणी करता येणार असेल, तर तो आधी न्हाणीघर आणि संडासावर करावा. घरदुरुस्तीची कामे करताना मला वारंवार दिसले आहे की, वृद्धांचा तोल सपाट जागेवर चालताना कमी आणि ओल्या फरशीवर बसता-उठताना किंवा उंबरा ओलांडताना अधिक जातो. म्हणून कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच घ्यावी, शेजारच्या भिंतीवर जमिनीपासून ७० ते ८० सेंटिमीटरवर स्टीलचा आडवा दांडा पक्का बसवावा (टॉवेलची दांडी धरून उठणे फार धोक्याचे, ती माणसाचे वजन पेलत नाही) आणि गुळगुळीत टाइल्स काढून खडबडीत फरशी घालावी. पलंगापासून तिथपर्यंत रात्रभर मंद दिवा असावा. पावसाळ्यात परसातल्या शहाबादी फरशीवर शेवाळ धरते, तेही खराट्याने नियमित घासून काढावे. मात्र भिंत मातीची असेल, तर स्क्रू हळूहळू ढिले होतात. अशा वेळी दांडा जमिनीत काँक्रीटने रोवलेल्या उभ्या पाइपाला जोडावा आणि त्याची नेमकी उंची आईंना प्रत्यक्ष बसवूनच ठरवावी.