गॅरेज कट्टा: चावी फिरेना, कुलूप ऐकेना

पावसाळा सरला की दरवर्षी चावी-कुलपाचीच पत्रं जास्त येतात. यंदाही तेच. त्यातली तीन घेतोय, बाकीच्यांनी आपलं उत्तर यातच शोधावं कारण रोग बहुतेक एकच आहे.

प्रश्न (चिपळूणहून): काका नमस्कार. माझी १०० सीसीची गाडी बारा वर्षांची आहे. पावसाळ्यापासून इग्निशनमध्ये चावी आत जाते पण फिरत नाही, आठ-दहा वेळा हलवली की कधीतरी फिरते. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून खोबरेल सोडलं, आठवडाभर मस्त चाललं आणि आता आधीपेक्षा वाईट झालंय. लॉकसेट (सगळी कुलपं आणि चाव्यांचा संच) बदलू का?

उत्तर: थांबा, पाकीट बाहेर काढू नका. आधी घरातलं कपाट उघडा आणि गाडी घेतली तेव्हा मिळालेली दुसरी चावी शोधा, जी बारा वर्षं कागदपत्रांच्या पिशवीत तशीच पडून असेल. ती घालून बघा. तिने कुलूप लोण्यासारखं फिरलं तर कुलपाचा काही दोष नाही, तुमची रोजची चावी झिजलीय. लोक कायम कुलपाला शिव्या घालतात आणि चावीकडे कुणी बघत नाही. त्या कुलपाच्या आत बारीक स्प्रिंगवर बसवलेल्या पातळ पत्त्या असतात, चावीच्या प्रत्येक खाचेने एकेक पत्ती बरोबर उंचीला आली की मधला गोल फिरतो. खाच केसभर जरी झिजली तरी पत्ती अर्धवट राहते, मग तुम्ही चावी हलवत बसता तेव्हा खरं तर ती पत्ती नशिबाने जागेवर येण्याची वाट बघत असता. आणि त्या चावीला घराची, दुकानाची, तिजोरीची अशा सगळ्या चाव्या आणि वर एक पितळी गणपती लटकत असेल तर खड्ड्याखड्ड्यात तो गुच्छ हिंदकळून कुलूपही आतून खातो. गाडीची चावी एकटी ठेवा.

दुसरी चावीही अडकत असेल तर मग आत घाण आहे. खोबरेल तुम्ही घातलंत तिथेच चूक झाली. तेल धूळ धरून ठेवतं, त्याची आत चिकट माती होते, शिवाय खोबरेल २४ डिग्रीच्या आसपास गोठतं, थंडीत बाथरूममधल्या बाटलीचं जे होतं तेच कुलपात होणार ना! इंजिन ऑइलचंही तेच, ग्रीस तर नकोच नको. आधी ते सगळं धुऊन काढा. डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मिळतो (१९५३ साली अमेरिकेत पाणी हटवायला म्हणून बनवला, चाळिसाव्या प्रयत्नात जमला म्हणून नावात ४०), त्याची लाल नळी भोकात धरून दोन-तीन छोटे फवारे, चावी वीसेकदा आत-बाहेर, दरवेळी फडक्याला पुसायची, आधी काळं पाणी येईल मग कमी होत जाईल. अख्खा डबा ओतू नका, इग्निशनच्या खाली वायरींचे पॉइंट असतात तिथे उगाच ओल नको. रात्रभर वाळू द्या. हा स्प्रे साफ करायला चांगला, पण वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. वंगण म्हणाल तर पोराच्या दप्तरातली शिसपेन्सिल, ६बी असेल तर उत्तम. चावीच्या दोन्ही बाजूंना आणि खाचांत घासघासून काळी करायची, आत घालून फिरवायची, परत घासायची. तिला शिसपेन्सिल म्हणत आलोय पण तिच्यात शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं, आणि ते कोरडं असल्यामुळे धूळ धरत नाही. तेल आणि ग्रॅफाइट एकत्र मात्र करू नका, काळा चिखल होतो.

आता डुप्लिकेटचं. कपाटातल्या न वापरलेल्या चावीवरूनच कॉपी काढा, झिजलेल्या चावीवरून कधीच नको! मशीन बिचारं जे समोर आहे तेच कापतं, झीज पण कापतं, आणि वर स्वतःची थोडी चूक मिसळतं. हे मी स्वतः भोगलंय. तरुणपणी आळस केला, रोजच्या चावीचीच कॉपी मारली आणि त्या कॉपीचीही पुढे कॉपी, शेवटी कुंभार्ली घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो ते गाडी चालूच होईना, दोन तास टपरीवाल्याशी गप्पा मारत बसलो. गॅरेजवाला असून! कॉपी घेतली की दुकानातून निघायच्या आधी इग्निशन, हँडल लॉक, टाकी, साइड पॅनल सगळीकडे लावून बघा. बऱ्याचदा टाकीच्या कुलपात पत्त्या कमी असतात म्हणून कॉपी तिथे चालते आणि इग्निशनला नाही. थोडी खरखर वाटली तर चावीवाला तिथल्या तिथे कानस मारून देतो, घरी गेल्यावर कोण परत येतंय.

प्रश्न (लातूरहून): काका, मी कॉलेजला आहे. सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा एकच चावी मिळाली होती, ती शेतात हरवली. मित्र म्हणतो स्क्रूड्रायव्हर घालून फिरव. काय करू?

उत्तर: बाळा, मित्राला आधी स्वतःच्या गाडीवर करून दाखवायला सांग. स्क्रूड्रायव्हरने पत्त्या वाकतात आणि मग पूर्ण लॉकसेटच घ्यावा लागतो. चांगला चावीवाला बोलाव, आरसी आणि ओळखपत्र जवळ ठेव, न विचारता बनवून देणारा भेटला तर जरा सांभाळूनच. तो कोरी पितळी चावी कुलपात घालून पिळतो, पत्त्या जिथे दाबतात तिथे पितळेवर बारीक चमक येते, तेवढंच कानशीने घासतो, परत घालतो. असं करत करत अर्ध्या-पाऊण तासात चावी तयार. बघत उभा राहा, कला आहे ती. काही गाड्यांच्या मूळ चावीवर किंवा सोबतच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर नंबर कोरलेला असतो, तो जुन्या मालकाकडे आहे का विचार, असेल तर शोरूममधून काम सोपं होतं. त्याच्याकडे दुसरी चावी राहिली असेल तर तीही मागून घे, लाजू नकोस. आणि हरवल्याची नोंद पोलिसांत करून कागद जपून ठेव, कारण गाडी चोरीला गेली तर विम्यावाले क्लेमला सगळ्या चाव्या मागतात आणि नसल्या की फाटे फोडतात.

एकच सांगतो, जुन्या गाडीत चिप नसते म्हणून हे सगळं जमतं. चिपवाली किंवा रिमोटवाली चावी असेल, उदाहरणार्थ २०२३ ला आलेली अ‍ॅक्टिव्हा एच-स्मार्ट, तर रस्त्यावरचा चावीवाला कामाचा नाही, शोरूमच गाठावी लागते.

प्रश्न (पनवेलहून): टाकीचं झाकण पंपावर उघडतच नाही, घरी आलं की उघडतं. आणि हँडल लॉकही कधीकधी बसत नाही.

उत्तर: पंपावर मागे रांग लागलेली असते म्हणून तुम्ही घाईत पिळता, दुसरं काय. झाकणाखाली रबर असतो, तो फुगला की कुलपावर ताण येतो, म्हणून तळव्याने झाकण खाली दाबून मग चावी फिरवा. झाकणाच्या कडेला पाणी साचून राहतंय का तेही बघा, तिथे पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं, ते मातीने बुजलं की पाणी कुलपात उतरतं आणि गंज धरतो. पातळ तार हळूच घालून मोकळं करा. हँडल लॉकला हँडल पूर्ण डावीकडे नेऊन केसभर मागे आणा आणि चावी दाबतच फिरवा, आतला दांडा भोकासमोर आला नाही तर तो बसणारच कसा.

आणि चावी आत मोडलीच तर फेविक्विक लावून तुकडा काढायचा प्रयोग करू नका, दरवर्षी एक तरी असं कुलूप माझ्याकडे येतं. फ्रेटसॉचं (नक्षी कापायच्या बारीक करवतीचं) पातं तुकड्याच्या बाजूने सरकवा, दात बाहेरच्या दिशेने, अडकलं की ओढा. तुकडे दोन्ही जपून ठेवा, चावीवाल्याला त्यावरून नवी बनवता येते.