पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर हक्क सुटत नाही

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय 30) समुद्रातल्या तेलविहिरीच्या रिगवर ठेकेदारामार्फत कामाला होता. पगार 24 हजार. 10 ऑगस्ट 2025 ला पाइप जोडताना उजव्या हाताची दोन बोटं टाँगमध्ये (पाइप आवळायच्या मोठ्या पकडीत) सापडून मुळापासून गेली. ठेकेदाराने 50 हजार देऊन 'यापुढे काही मागणी नाही' असं लिहून घेतलं. तो म्हणतो, चूक पोराचीच. मूळ कंपनी म्हणते, हा आमचा माणूसच नाही. काही करता येईल का?
– एक बहीण, चोपडा

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्सवरची सही मी कितीतरी वेळ बघत होतो. लहान पोराने गिरवावी तशी, ओळीच्या खाली घसरलेली. उजवा हात बँडेजमध्ये, म्हणून डाव्याने केलेली. तारीख 18 ऑगस्ट, म्हणजे अपघाताला जेमतेम आठ दिवस झालेले. असा कागद दवाखान्यातल्या खाटेवर पुढे करणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

या कागदाला घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार 1923 च्या भरपाई कायद्याच्या कलम 17 प्रमाणे रद्दच ठरतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून जुनाच कायदा लागतो.

मूळ कंपनीलाही हात झटकता येत नाहीत. तिच्या धंद्याचं काम ठेकेदाराने केलं, तर कलम 12 प्रमाणे भरपाई तिच्याकडून मागता येते. ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करो, तो त्यांचा प्रश्न. राहिली चूक. नुसत्या हलगर्जीपणाने हक्क जात नाही. भावाने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, हे त्यांना सिद्ध करावं लागेल.

आता रकमेचं. पगार 15 हजारांहून कितीही जास्त असो, हिशेबाला 15 हजारच धरतात. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले कायद्यात वय 30 ला दिलेला गुणांक 207.98, म्हणजे 18,71,820. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे दुखापतींच्या यादीत, 20 टक्के धरले आहेत, म्हणून 3,74,364 रुपये. दिलेले 50 हजार फार तर त्यातून वजा होतील. महिन्याभरात पैसे दिले नाहीत म्हणून 12 टक्के व्याज लागतं, समाधानकारक कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, बिलं जपा.

पण 20 टक्क्यांवर थांबू नका. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराला पूर्ण अपंगत्व धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. दोन बोटं म्हणजे हात नव्हे, हे मला कळतं. तरीही उजव्या हाताच्या पकडीवर पोट असलेल्या माणसाला रिगचं काम आता जमेल का, हे हाडांच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. इथल्या जिनिंगमधल्या एका कामगाराचा दावा मी चालवला, तेव्हा दावा ऐकणाऱ्या आयुक्तसाहेबांनी त्याला पाण्याचा पेला उचलायला सांगितलं होतं. तो निसटला. मग फार बोलावं लागलं नाही.

अर्ज दोन वर्षांत करायचा, म्हणजे 10 ऑगस्ट 2027 च्या आत. मुंबईची वारी नको. भाऊ राहतो त्या भागाच्या भरपाई आयुक्तांकडे तो चालतो. रिगवरच्या दवाखान्याची नोंद, किनाऱ्यावर आणलेल्या हेलिकॉप्टरचा कागद आणि पगार जमा झालेलं पासबुक एका पिशवीत ठेवा. तो स्टॅम्पपेपरही. फाडू नका, ती डाव्या हाताची सही आपल्याच कामाची आहे.