उत्तर: लिंकन गुलामगिरी संपवायलाच लढला का, आणि उत्तरेला चार वर्षं का लागली

प्रश्न दोन आहेत. अमेरिकेतली १८६१ ते १८६५ची यादवी गुलामगिरीवरून झाली की 'राज्यांच्या हक्कां'वरून, हा एक. माणसं, कारखाने, रेल्वे, आरमार सगळं उत्तरेकडे असताना निकालाला चार वर्षं का लागली, हा दुसरा. वर दोघातिघांनी 'गेटिसबर्गच्या लढाईत फैसला झाला' म्हणून विषय मिटवलाय. मला ते पटत नाही. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं व्हर्जिनियात काढली आणि तिथले बरेच शनिवार-रविवार रणांगणं तुडवण्यात घालवले, तेव्हा जरा लांबेल.

पहिल्या प्रश्नाचा अर्धा भाग सोपा आहे. फुटून निघालेल्या राज्यांनी आपली कारणं स्वतःच लिहून ठेवली आहेत. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच म्हटलंय की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. नव्या दक्षिणी सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये सव्हानाच्या भाषणात म्हणाला, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, याच 'सत्या'वर आमच्या सरकारची कोनशिला बसवली आहे. आणि राज्यांच्या हक्कांचं म्हणाल, तर पळालेला गुलाम उत्तरेतल्या राज्यांनी पकडून परत द्यावा म्हणून १८५०चा कडक केंद्रीय कायदा करून घेणारे हेच लोक. तेव्हा उत्तरेतल्या राज्यांचे हक्क त्यांना आठवले नाहीत. 'राज्यांचे हक्क' ही भाषा जोरात आली ती हरल्यावर.

उरलेला अर्धा भाग मात्र अवघड आहे, कारण लिंकन गुलामगिरी संपवायला लढायला उतरला हेही खरं नाही. नोव्हेंबर १८६० मध्ये तो निवडून आला तो ती पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही, एवढ्याच मुद्द्यावर. जिथे आहे तिथे हात लावणार नाही, हे त्याने शपथविधीच्या भाषणातही सांगितलं. दक्षिणेचा विश्वास बसला नाही. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना बाहेर पडलं आणि फेब्रुवारीपर्यंत सात राज्यं झाली. १२ एप्रिल १८६१ ला चार्ल्सटन बंदरातल्या फोर्ट समटर या संघाच्या किल्ल्यावर त्यांच्या तोफा धडाडल्या. लिंकनने ७५,००० सैनिक मागवले, तेही नव्वद दिवसांसाठी! त्यावर व्हर्जिनियासकट आणखी चार राज्यं गेली. एकूण अकरा. पण मिसुरी, केंटकी, मेरिलँड आणि डेलावेअर ही गुलाम बाळगणारी चार राज्यं संघातच राहिली. ही चार लक्षात ठेवा. गुलामगिरीविरुद्ध ब्र काढला तर हीसुद्धा जातील, ही धास्ती लिंकनला दीड वर्ष होती.

मग युद्धाचा हेतू बदलला कसा? माझ्या मते त्याची सुरुवात एका होडीतून झाली. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम पाणी ओलांडून व्हर्जिनियाच्या टोकावरच्या फोर्ट मन्रो किल्ल्यात आले. समोरच्या काठावर त्यांना दक्षिणेच्या तोफांसाठी बांधकामाला जुंपलं होतं. किल्ला उत्तरेच्या ताब्यात, आणि किल्लेदार जनरल बेंजामिन बटलर, पेशाने वकील. दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन मालकाचा माणूस हजर: कायद्याप्रमाणे आमचे गुलाम परत द्या. बटलर म्हणाला, तो कायदा अमेरिकेचा आहे, आणि तुम्ही तर वेगळा देश झालो म्हणताय. शिवाय तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ही माणसं म्हणजे मालमत्ता, आणि ती तुम्ही आमच्याविरुद्ध वापरत होतात. शत्रूची युद्धसामग्री हाती लागली तर ती जप्त होते. देत नाही.

यात कुठलं उदात्त तत्त्वज्ञान नाही, वकिली खाचखोच आहे. पण बातमी वस्त्या-वस्त्यांत पोचली आणि बायकामुलांसकट शेकडो माणसं किल्ल्याच्या वाटेला लागली. ऑगस्टमध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, त्यावर कायदा करावा लागला, जुलै १८६२ मध्ये आणखी कडक. पळून येणारे आधी आले, कायदे त्यांच्या मागून.

या मंडळींतला माझा सगळ्यात आवडता रॉबर्ट स्मॉल्स. चार्ल्सटनला 'प्लँटर' नावाच्या दक्षिणी आगबोटीवर सुकाणूवर असणारा हा गुलाम. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले. याने बोट सोडली, धक्क्यावरून आपल्या बायकापोरांना घेतलं आणि कप्तानाची रुंद कडांची टोपी डोक्यावर चढवून, त्याच्याच ढबीत उभा राहून बोट समटरच्या तोफांखालून नेली. शिट्टीची खूण बरोबर दिली. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर दक्षिणेचं निशाण उतरवून पांढरी चादर चढवली. पुढे हा गृहस्थ अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेला.

आता चार वर्षांचा प्रश्न. उत्तरेकडे साधारण २ कोटी २० लाख लोक. दक्षिणेत ९० लाख, त्यातले ३५ लाख गुलाम. कागदावर सामना एकतर्फी. पण दक्षिणेला जिंकायचं नव्हतं, फक्त हरायचं नव्हतं. उत्तरेला साडेसात लाख चौरस मैलांचा मुलूख पादाक्रांत करायचा होता. शिवाय दोन्हीकडे हा खेळ काही महिन्यांत आटोपेल अशी खात्री. २१ जुलै १८६१ च्या बुल रनच्या लढाईला वॉशिंग्टनहून लोक बग्ग्या जुंपून, जेवणाचे डबे घेऊन तमाशा बघायला गेले होते. संध्याकाळी पळत्या सैन्याच्या गर्दीत त्यांच्या बग्ग्या अडकल्या.

खरा अंदाज एकाच माणसाचा, सरसेनापती विनफिल्ड स्कॉटचा. वय पंचाहत्तरीच्या घरात, घोड्यावर बसवत नव्हतं. त्याचं म्हणणं, किनाऱ्याची नाकेबंदी करा, मिसिसिपी नदी ताब्यात घेऊन दक्षिणेचे दोन तुकडे करा आणि आवळत न्या. वर्तमानपत्रांनी त्याच्या योजनेला अजगराची उपमा देऊन टिंगल केली. शेवटी झालं मात्र जवळपास तसंच.

नाकेबंदीच्या जोडीला दक्षिणेने पहिल्या वर्षी आपला कापूस स्वतःच अडवून धरला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या की ब्रिटन झक मारत मान्यता देईल, हा हिशेब. गिरण्या पडल्या बंद, पण मान्यता आली नाही. ब्रिटनने कापूस दुसरीकडून आणला. हा 'दुसरीकडून' म्हणजे मोठ्या प्रमाणात आपल्याकडून. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाला पूर आला, प्रेमचंद रायचंद या बड्या व्यापाऱ्याच्या मागे सगळं शहर शेअर्सच्या सट्ट्यात उतरलं. १८६५ च्या वसंतात दक्षिणेचा सेनापती ली याच्या शरणागतीची बातमी आली, भाव कोसळले, आणि १ जुलैला वायद्याचे सौदे पुरे करायचा दिवस उजाडला तेव्हा मुंबईत दिवाळखोरांची रांग लागली. राजाबाई टॉवर उभा राहिला तो तेजीच्या काळात प्रेमचंदांनी देऊन टाकलेल्या पैशातून. दान केलं तेवढंच उरलं म्हणायचं.

परत युद्धाकडे. पूर्वेला, म्हणजे वॉशिंग्टन आणि रिचमंड या शंभर मैलांवरच्या दोन राजधान्यांच्या मधे, उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन. कवायत उत्तम, शिस्त उत्तम, पण लढायची वेळ आली की शत्रू दुप्पट दिसायचा. समोर जून १८६२ पासून रॉबर्ट ली. सप्टेंबरमध्ये ली मेरिलँडमध्ये घुसला आणि नशिबाने उत्तरेला एक भेट दिली. इंडियानाच्या शिपायांना एका शेतात तीन चिरूट सापडले, आणि ते ज्या कागदात गुंडाळले होते तो लीच्या मोहिमेचा हुकूम निघाला! एवढं हाती येऊनही मॅक्लेलनने वेळ घालवलाच. १७ सप्टेंबरला अँटिएटमला एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३,००० मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ली मागे हटला. धड विजय नव्हता, पण लिंकनला तेवढं पुरलं. मुक्तीचा जाहीरनामा तो उन्हाळ्यापासून टेबलाच्या खणात ठेवून होता. हरत असताना काढला तर रडीचा डाव दिसेल म्हणून थांबलेला. पाच दिवसांनी त्याने तो जाहीर केला आणि १ जानेवारी १८६३ ला लागू झाला. तोही फक्त बंडखोर मुलखात. त्या चार राज्यांना धक्का नाही.

'म्हणजे जिथे सत्ता नाही तिथले गुलाम सोडवले', ही तेव्हाचीच टीका. पण त्यातली दुसरी तरतूद बघा: काळ्यांना सैन्यात भरती. शेवटापर्यंत सुमारे १,७९,००० काळे सैनिक भूदलात होते, त्यातले बरेचसे कालपरवापर्यंतचे गुलाम. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर; यांना १०, त्यातूनही ३ कपड्यांचे कापून. मॅसॅच्युसेट्सची ५४ वी पलटण दीड वर्ष पगाराला शिवली नाही, लढत मात्र राहिली. पूर्ण पगाराचा कायदा १८६४ मध्ये झाला. (जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती या मुक्तीसाठी. आपल्याकडे हे युद्ध नीट वाचलेला पहिला माणूस मी त्यांनाच म्हणेन.)

आता गेटिसबर्ग. १ ते ३ जुलै १८६३, दोन्हीकडची मिळून जवळपास ५१,००० माणसं कामी आली, घायाळ झाली किंवा हरवली. तिसऱ्या दुपारी दक्षिणेच्या जनरल पिकेटच्या हल्ल्यात साडेबारा हजार माणसं जे मैदान ओलांडत गेली, ते मी चाललोय. पाऊण मैलाच्या आसपास, रमतगमत वीस मिनिटं. लांबून सपाट वाटतं, चालताना कळतं की जमीन उतरते-चढते आणि मधे रस्त्याला कुंपण आहे. त्या कुंपणावर चढणारा माणूस म्हणजे उभं लक्ष्य. अंगावर काटा येतो हे खरं. पण निकाल? ली हरला, आणि दहा दिवसांनी नदी ओलांडून सैन्यासकट घरी गेला. पुढे एकवीस महिने लढला.

गेटिसबर्गच्या दुसऱ्याच दिवशी, ४ जुलैला, हजारभर मैलांवर मिसिसिपीच्या काठी व्हिक्सबर्ग पडलं. हे गाव नदीच्या वळणावर उंच कड्यावर. खालून जाणारी प्रत्येक बोट तोफेच्या तोंडी. उत्तरेच्या पश्चिम आघाडीवरच्या जनरल ग्रँटने हिवाळाभर कालवे खणून, दलदली तुडवून बघितल्या. काही जमलं नाही. शेवटी एप्रिलच्या एका रात्री आरमार तोफांखालून पळवलं, फौज गावाच्या खाली नदीपार उतरवली आणि रसदेची फारशी पर्वा न करता मागच्या बाजूने येऊन वेढा घातला. ४७ दिवस. लोक टेकडीत गुहा खणून राहिले, खेचरांचं मांस खाल्लं, गावचं वर्तमानपत्र भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठीवर छापलं गेलं. जवळजवळ ३०,००० सैनिक शरण आले आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले. गेटिसबर्गला ली थांबला; व्हिक्सबर्गला एक अख्खं सैन्य आणि एक नदी गेली. म्हणून मी म्हणतो, नकाशाच्या डाव्या बाजूला बघा.

मार्च १८६४ मध्ये लिंकनने ग्रँटला पूर्वेला आणून सगळी सूत्रं दिली. मे महिन्यात व्हर्जिनियातल्या विल्डरनेसच्या जंगलात त्यानेही जबर मार खाल्ला. आधीचे सेनापती अशा वेळी मागे फिरत. हा दक्षिणेकडे वळला, आणि शिपायांनी रात्रीच्या अंधारात जल्लोष केला. त्यानंतर महिनाभर रोज रक्त. लीला त्याने पीटर्सबर्गच्या खंदकांत कोंडलं, पण उत्तरेतली घराघरांतली मेलेल्यांची यादी वाढत गेली आणि नोव्हेंबरात निवडणूक होती. २३ ऑगस्टला लिंकनने एक घडी घातलेला कागद मंत्र्यांपुढे ठेवला आणि आत काय आहे ते न दाखवता सह्या घेतल्या. आत लिहिलं होतं की आपण बहुधा हरणार, तेव्हा नवा अध्यक्ष येईपर्यंत संघ वाचवायचं काम त्याच्याशी मिळून करायचं. समोरचा उमेदवार कोण? मॅक्लेलन!

दहा दिवसांत उत्तरेच्या जनरल शर्मनने जॉर्जियातलं अटलांटा घेतलं आणि वारं फिरलं. लिंकन राज्याराज्यांच्या निवडणूक-प्रतिनिधींच्या (इलेक्टोरल) २१२ विरुद्ध २१ मतांनी निवडून आला. शर्मन ६०,००० माणसं घेऊन समुद्रापर्यंत गेला, वाटेत रेल्वेचे रूळ तापवून झाडांना पिळत. त्याच्या मागे हजारो गुलाम मळे सोडून चालत होते. तिकडे रिचमंडमध्ये आता गुलामांनाच सैन्यात घ्यायची चर्चा सुरू झाली. जॉर्जियाच्या हॉवेल कॉबने त्यावर लिहिलं, गुलाम चांगले सैनिक ठरत असतील तर गुलामगिरीविषयीची आपली सगळी धारणाच चुकीची आहे. याहून प्रामाणिक दक्षिणी वाक्य मला सापडलेलं नाही.

९ एप्रिल १८६५ ला ली ॲपोमॅटॉक्सला शरण आला, विल्मर मक्लीनच्या दिवाणखान्यात. हा मक्लीन आधी बुल रनला राहायचा. तिथल्या घरात तोफगोळा पडला तेव्हा वैतागून इतक्या लांब येऊन राहिला होता. शरणागतीनंतर अधिकाऱ्यांनी आठवण म्हणून त्याचं फर्निचर उचललं, काहींनी पैसे टेकवून, काहींनी तसंच.

लिंकनवर १४ ला गोळी झाडली गेली. टेक्सासमधल्या गॅलव्हेस्टनच्या गुलामांना आपण मुक्त आहोत हे १९ जूनला सैन्याने वाचून दाखवलं. आणि वर ज्या चार राज्यांची आठवण ठेवायला सांगितली, त्यातल्या मेरिलँड आणि मिसुरीने आपणहून गुलामगिरी रद्द केली होती. केंटकी आणि डेलावेअर अडून बसली. संघातून एक दिवसही बाहेर न पडलेल्या या दोन राज्यांत माणूस विकत घेणं ६ डिसेंबर १८६५ पर्यंत, म्हणजे गुलामगिरी देशभर बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होईपर्यंत, कायदेशीर होतं.