एक्सेटरजवळचं घर आणि बागेमागच्या पायवाटेचा अर्ज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून इंग्लंडमधल्या डेव्हन काउंटीत, एक्सेटरला, नोकरीनिमित्त येताय, शहराबाहेरच्या एका गावात घर पसंत पडलंय, पण बागेच्या आतल्या कडेने जाणारी पायवाट सार्वजनिक म्हणून नोंदवावी असा अर्ज कुणीतरी कौन्सिलकडे केलाय आणि तो कित्येक वर्षं तसाच पडून आहे. एजंट म्हणतो, "इतक्या वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार?" मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहतेय, आमच्या गावात अशाच एका वाटेसाठी लोकांचे जबाब गोळा करायला हातभार लावलाय, म्हणून सविस्तर लिहिते. एजंटचं वाक्य आधी मनातून काढून टाका. अर्ज पडून आहे याचा अर्थ तो लंगडा आहे असा होत नाही. त्याचा नंबर अजून लागलेला नाही, एवढंच.

इथे प्रत्येक काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाकडे, 'डेफिनिटिव्ह मॅप' म्हणजे सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा असतो. 1949 च्या कायद्यापासून हे नकाशे तयार झाले. वाट त्यावर असेल तर तिथून जाण्याचा लोकांचा हक्क पक्का, त्यावर वाद नाही. पण नकाशावर नाही म्हणून हक्कच नाही, असं मात्र नाही. राहून गेलेली वाट नोंदवण्यासाठी 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टखाली कुणीही अर्ज करू शकतो. पुरावा दोन तऱ्हेचा चालतो. एक म्हणजे वापर: लोक 20 वर्षं सलग, दांडगाई न करता, लपूनछपून न जाता आणि कुणाची परवानगी न घेता त्या वाटेने गेले असतील, तर मालकाने ती लोकांना दिली असं कायदा धरून चालतो. दुसरा म्हणजे जुने कागद: टाइद मॅप (चर्चला द्यायच्या कराच्या आकारणीसाठी केलेले नकाशे), इनक्लोजर अवॉर्ड (सामाईक जमिनी वाटून कुंपणं घातल्याचे निवाडे), 1910 च्या फायनान्स ॲक्टसाठी केलेले जमिनीचे नकाशे. आपल्याकडे पाणंद अडवली की मामलतदार कोर्ट ॲक्टच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे जायचं, तेही सहा महिन्यांच्या आत. इथे वाट कुणी अडवलेली नसली तरी नोंद मागता येते.

आता रांगेचं. हे काम पॅरिश कौन्सिलचं, म्हणजे गावपातळीवरच्या कौन्सिलचं नाही, काउंटीचं किंवा (जिथे सगळा कारभार एकाच कौन्सिलकडे असतो तिथे) युनिटरी कौन्सिलचं आहे. जमीनमालकांना नोटीस दिल्याचा दाखला अर्जदाराने जोडला की 12 महिन्यांत निर्णय व्हावा अशी अपेक्षा. प्रत्यक्षात अनेक काउंट्यांत शेकड्यांनी अर्ज तुंबलेत आणि ते तपासणारे अधिकारी मोजकेच. त्यात 2000 सालच्या कायद्याने जुन्या कागदांवरच्या दाव्यांसाठी 1 जानेवारी 2026 ही शेवटची तारीख ठरवली होती, त्या धास्तीने हौशी संशोधकांनी अर्जांचे ढीग लावले. 2023 मध्ये ती तारीख 2031 वर गेली आणि डिसेंबर 2024 मध्ये सरकारने ती मुदतच काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. ढीग मात्र तसाच राहिला.

म्हणून कौन्सिलं आपापलं प्राधान्याचं धोरण छापतात. मूळ नियम बहुतेक ठिकाणी 'आधी आला तो आधी', पण अपवाद बरेच. वाटेवर घरं बांधायचा प्रस्ताव असेल, वर्दळीच्या रस्त्यावरून चालणाऱ्यांना ती वाट सुरक्षित पर्याय देत असेल, काउंटीच्या सार्वजनिक वाटा सुधारण्याच्या आराखड्यात बसत असेल, किंवा साक्षीदार म्हातारे असतील, तर अर्ज वर सरकतो. काही कौन्सिलं यासाठी चक्क गुण देतात. तुमच्या डेव्हनने वेगळी वाट धरलीय: तिथे एकेक पॅरिश घेऊन तिथल्या सगळ्या वाटा एकदमच तपासतात. त्यामुळे तुमच्या गावाची पाळी झाली का, चालू आहे का, की पुढे आहे, हा प्रश्न अर्जाच्या तारखेपेक्षा महत्त्वाचा.

साक्षीदारांच्या मुद्द्याला सगळ्यात जास्त वजन मिळायला हवं असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे एका आजींच्या स्वयंपाकघरात बसून मी त्यांचा फॉर्म भरून घेतला होता. नकाशावर त्यांनी स्वतः पेनाने रेघ ओढली, स्टाइल (कुंपण ओलांडायच्या पायऱ्या) कुठे होती, फाटक कुठे, ते दाखवलं. मग प्रश्न: किती वर्षं गेलात, आठवड्यातून किती वेळा, पायी की सायकलवर, कुणी कधी हटकलं का, 'खाजगी' अशी पाटी होती का, मालकाची ओळख होती का. मालकाबद्दलच्या प्रश्नापाशी त्या थांबल्या, कारण आधीच्या मालकाशी त्यांची चांगली ओळख होती आणि त्याने 'जा' म्हटलं असतं तर ती परवानगी ठरली असती. असं उलटतपासणीत टिकणारं बोलणं कागदाला येत नाही. फाइल उघडायला दहा वर्षं लागली तर ते बोलायला माणूस उरत नाही, आणि मग वाट खरी असूनही हरते.

आता तुमच्या कामाचा गाभा. रांगेत नंबर लावताना उपयोग, सुरक्षितता, गावाची सोय हे सगळं बघतात. निकाल देताना यातलं काहीही बघता येत नाही. तिथे एकच प्रश्न: हक्क आहे की नाही? वाट गैरसोयीची आहे, बागेत डोकावता येतं, चोरीची भीती वाटते, हे आक्षेप कितीही खरे असले तरी कायद्याने गैरलागू. म्हणून 'कमी प्राधान्य' वाचून निश्चिंत होऊ नका. शेवटच्या नंबरावरच्या अर्जाचा पुरावा सगळ्यात भक्कम असू शकतो. शिवाय 12 महिने उलटल्यावर अर्जदार प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या सरकारी संस्थेकडे दाद मागू शकतो. तिथून कौन्सिलला ठरावीक मुदतीत निर्णय द्यायचा आदेश आला, की झोपलेली फाइल एकदम जागी होते.

मग घर सोडायचं का? माझ्या मते नाही, फक्त माहिती घेऊन किंमत ठरवा. नोंद झाली तर वाट अडवता येणार नाही, तिच्यावर झुकणारं कुंपण छाटत राहावं लागेल, पुढेमागे ती थोडी वळवायची असेल तर वेगळी प्रक्रिया करावी लागेल आणि तिचा खर्च बहुधा तुमच्यावर येईल. इंग्लंडात अशा वाटांशेजारी हजारो लोक सुखाने राहतात, मीही राहते.

तुमचा सॉलिसिटर (खरेदीचं काम बघणारा वकील) कौन्सिलकडून जो लोकल सर्च, म्हणजे मालमत्तेबद्दलच्या ठरावीक प्रश्नांची उत्तरं, मागवेल त्यात वाटेसंबंधी प्रश्न असतात: नोंदलेली वाट मालमत्तेला लागून किंवा तिच्यातून जाते का, आणि नोंदीचा अर्ज प्रलंबित आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतः वाचा. कौन्सिलचं अर्जांचं रजिस्टर सगळ्यांसाठी खुलं असतं. त्यातून अर्जाचा नंबर घेऊन राइट्स ऑफ वे (सार्वजनिक वाटांच्या) विभागाला ईमेल करा. पॅरिशची तपासणी कधी आहे, अर्ज वापरावर आहे की जुन्या कागदांवर, आणि आधीच्या मालकाने 'ही वाट मी लोकांना देत नाही' असं निवेदन हायवेज ॲक्टच्या कलम 31(6) खाली कौन्सिलकडे ठेवलं होतं का, हे तिन्ही विचारा. असं निवेदन वेळेत झालं असेल तर त्यानंतरचा वापर सहसा मोजला जात नाही, पण आधीच 20 वर्षं भरली असतील तर त्याचा उपयोग नाही.

आणि एक, इथे तोंडी ठरलं म्हणजे व्यवहार झाला नाही. कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत, म्हणजे दोन्ही बाजूंनी सही केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत, तुम्ही मोकळे असता. विकणाऱ्याने कितीही घाई केली तरी कौन्सिलचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय एक्स्चेंजला होकार देऊ नका.